लाल पट्टी

विधानसभेत आमदार सोनाबाई मडावी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा वर प्रेक्षक गॅलरीत त्यांची मुलगी चंद्रकला बसली होती. ती मेंदूची डॉक्टर होती. सोनाबाईंनी ऐंशी ओलांडली होती. एका तलावाचं नाव आठवेना म्हणून त्या क्षणभर थांबल्या, आणि लगेच सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याखाली लाल पट्टी उमटली : 'स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता.' आवाज आणि चेहऱ्यावरून असा अंदाज बांधणारं यंत्र आता प्रत्येक थेट प्रक्षेपणाला जोडलेलं असे.

"ताई, आता घरी आराम करा," समोरच्या बाकावरचे गुणवंतराव देशकर उठून म्हणाले. "जनतेनं तुम्हाला... जनतेनं..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. पडद्यावर आता त्यांच्या चेहऱ्याखाली तीच लाल पट्टी उमटली. सभागृहात हशा पिकला. गुणवंतराव मटकन खाली बसले.

सोनाबाई मात्र हसल्या नाहीत.

"अध्यक्ष महाराज, ती पट्टी बंद करा. आधी त्यांची," त्या म्हणाल्या. "माणूस बोलताना अडखळला, एवढंच झालंय. आजार आहे की नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील."

हशा थांबला. अध्यक्षांनी खूण केली आणि पट्टी गेली. सोनाबाई शांतपणे पुढे बोलू लागल्या.

गॅलरीत शेजारचा पत्रकार चंद्रकलाकडे झुकला. "डॉक्टर, तुम्हीच सांगा, ताईंना खरंच काही झालंय का?"

"तपासल्याशिवाय मी कुणाबद्दलच सांगत नाही," ती ताठ बसत म्हणाली. "पण ती माझी आई आहे, एवढं मात्र जरूर छापा."