कपाळावरची चमक

"हा मानूस कोन हाय?" पंचफुलाबाईनं विचारलं.

सुकन्याचा माऊसवरचा हात जागीच थांबला. सकाळी सातपासून ती या एका चेहऱ्यावर राबत होती. हाताशी काय होतं, तर ओळखपत्रावरचा नखाएवढा काळापांढरा फोटो. त्यातून भिंतीवर लावण्याजोगा रंगीत माणूस उभा करायचा, आणि तोही आजच. उद्या हट्टा गावी मुंजाजीची, पंचफुलाबाईच्या नवऱ्याची, तेरवी होती. तिनं मऊ ब्रश घेतला होता, रंगाचा जोर दहा टक्क्यांवर आणला होता आणि उजेड-सावलीच्या मधला रंग उचलून उचलून दोन्हींमधली हद्द पुसत नेली होती. नाकाकडची सावली गालात कुठं विरते, हे तिला स्वतःलाही दाखवता आलं नसतं. काम गर्व वाटावा असंच झालं होतं, आणि तिला तो वाटतही होता. आत्तापर्यंत.

"बा हाय ना, माय," शिवहार म्हणाला. "रंगात हाय म्हून तुला येगळं दिसून राहिलं."

"मला नको शिकवू. बत्तीस वर्सं संगं काढली म्या."

काउंटरवरून नरसिंगरावांनी मान वर केली. स्टुडिओ त्यांचा, कॉम्प्युटर त्यांचा आणि रागही त्यांचाच. या महिन्यात सुकन्याचे दोन फोटो परत आले होते. एका नवरीला तिनं एवढी गुळगुळीत केली होती, की सासरच्यांनी ओळखलीच नाही. "तिसरा परत आला, की घरी बस," असं त्यांनी सोमवारी हसत हसत सांगितलं होतं. पण नरसिंगराव हसत सांगत तेच खरं करत. घरी बसली, की कनेरगाव नाक्याचं स्थळ पुन्हा पुढं येणार, हे सुकन्याला पक्कं ठाऊक होतं. काम आहे म्हणून वडील गप्प होते.

"बाई, झकास झालाय फोटो," नरसिंगराव म्हणाले. "छाप गं. अकराला लाइट जाती, ती पाचशिवाय येत न्हाई."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. छापायला दहा मिनिटं लागत. सुकन्यानं बाण प्रिंटच्या खुणेवर नेला. शिवहार राजी, मालक राजी. म्हातारीनं नाही म्हटलं काय न् व्हय म्हटलं काय, कोण विचारतंय?

पण तिचं बोट खाली गेलं नाही.

"मावशी, काय चुकलं ते तर सांगा."

"डोळे त्यायचेच हाय. नाक बी बराबर हाय." पंचफुलाबाई पडद्याच्या अगदी जवळ आली. मग तिनं टेबलावरचं ओळखपत्र उचललं आणि त्या बारक्या फोटोत कपाळावर नख ठेवलं. "हे कुटं गेलं?"

तिथं भुवयांच्या वर पांढरा पट्टा होता.

"ती फ्लॅशची चमक होती, मावशी. मी काढून टाकली."

"चमक कसली? फोटोवाल्यानं पटका काढाय लावला होता त्यायला. मेंढरामागं जलम गेला, बाई. पटक्याखाली कधी ऊन गेलं न्हाई. खाली काळं, वर गोरं. मधी रेघ."

त्या कपाळानंच सुकन्याचा दीड तास खाल्ला होता. पट्टा हटता हटत नव्हता. शेवटी तो चेहऱ्याच्या रंगात मिसळला तेव्हा तिनं स्वतःचीच पाठ थोपटली होती. आता ‘अनडू’ करत मागं जायच्या पायऱ्याही केव्हाच संपल्या होत्या.

तिनं मऊ ब्रश सोडला आणि कडक धारेचा घेतला.

"सुकन्या!" नरसिंगरावांचा आवाज चढला. "कपाळाचे दोन तुकडे करतीस का? लोक म्हणतील, पोरीला रंग मिसळता येत न्हाई. हा परत आला ना, तर बघ."

तिनं मान वर केली नाही. एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. वरचं कपाळ उजळ केलं.

"डाव्या अंगाला खाली घ्या," मागून पंचफुलाबाई म्हणाली. "तिरका बांधायचे."

सुकन्यानं रेघ डावीकडे उतरवली. पडद्यावरचा माणूस आता विचित्र दिसत होता, अर्धा उन्हातला, अर्धा घरातला. पंचफुलाबाईनं खांद्यावर घसरलेला पदर हळूच डोक्यावर घेतला. शिवहारनं एकदा आईकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"दहा कमी अकरा," नरसिंगराव म्हणाले. एवढंच.

सुकन्यानं बाण पुन्हा प्रिंटवर नेला.

"थांबा," पंचफुलाबाई म्हणाली. "आता पटका बांधा त्यायला. चारचौघात कधी उघड्या डोक्यानं बसले न्हाईत."

पटके कॉम्प्युटरमध्ये तयार होते. गिऱ्हाइकं मागतच. सुकन्यानं लाल पटका उचलून आणला आणि रेघेच्या वर धरून ठेवला. सोडवेना.

"मावशी, हा बसवला की रेघ पार झाकून जाईल. कुणालाच दिसणार न्हाई."

"न्हाई दिसू द्या," पंचफुलाबाई म्हणाली. "खाली हाय ना ती?"