तशाच थांबा

तलावावर बायकांना पोहायला शिकवणाऱ्या ताईंना नाजूक जागी पुन्हा बुरशीचा संसर्ग झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषध देते, पण गोड कमी करा आणि ओल्या पोशाखात राहू नका. पाण्याबाहेर आलात की लगेच बदला."

ताईंनी मॅनेजरबाईंकडे दोन वर्गांच्या मधे थोडा वेळ मागितला.

"तुम्ही बदलून येईपर्यंत पुढच्या बायका खोळंबतील हो," त्या म्हणाल्या. "पण पथ्यात हयगय नको. ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या चहातली साखर बंद झाली. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला, तर मॅनेजरबाई ताईंची बशी स्वतः उचलायच्या आणि काकडी पुढे करायच्या. सगळ्याजणी म्हणायच्या, किती जीव लावतात.

खाज मात्र काही थांबेना. मग मॅनेजरबाईंनी त्याच डॉक्टरबाईंचं व्याख्यान ठेवलं. 'ओले कपडे अंगावर ठेवू नका' या वाक्याला टाळ्या पडल्या. वर्ग संपवून थेट तिथे आलेल्या ताई हळूच कपडे बदलायला निघाल्या.

मॅनेजरबाईंनी त्यांचा हात धरला. "आत्ता कुठे? फोटो व्हायचाय. तशाच थांबा, पोशाखावर आपल्या तलावाचं नाव आहे."