जबाब

रिसोडच्या एका डाळ मिलमध्ये रंजीता कारकून होती. मशीनवर कुणाला इजा झाली, की 'घरी पडून लागलं' असा जबाब ती लिहायची. त्यावर मजुराचा अंगठा घेतला, की भरपाईचा प्रश्नच मिटायचा.

आज मशीनच्या पट्ट्यात तिच्याच आईचा, सुंदरबाईचा हात गेला. दवाखान्यात पोचताच रंजीता रडत म्हणाली, "माय, या खेपेले मी खरं लिवतो. मालक काई म्हनो."

सुंदरबाईनं बँडेजचा हात पदराखाली ओढून घेतला.

"मालक येऊन गेले. खरं लिवलं त तुई नोकरी जाईन म्हने."

"मंग?"

"म्या अंगठा देऊन टाकला, बाई. उजवा उरला नाई, त डावा देल्ला."