नाव बदललं

बँकेच्या बदलीने कोलकात्यात आलेले यशवंत खांबेटे निवृत्तीनंतरही शहरातल्या बेहाला भागातच राहिले आणि गेल्या महिन्यात तिथेच गेले. त्यांच्या आजारपणात मुलाने, अमोघने, घरच्या मोबाईलवर त्यांच्यासाठी एक छोटं ॲप बनवलं होतं. औषधं, साखरेचे आकडे, डॉक्टरांच्या तारखा, प्रत्येकासाठी वेगळा स्क्रीन आणि प्रत्येक स्क्रीनवर सगळ्यात वर बाबांचं नाव.

तेरावं झालं आणि आईचा रक्तदाब वाढला. तिलाही रोजच्या गोळ्या सुरू झाल्या.

"नवीन कशाला, हेच ॲप तुझ्या नावाने करून देतो," अमोघ म्हणाला.

"अरे, पण सगळीकडे पुन्हा लिहीत बसावं लागेल ना तुला?"

"नाही गं आई. नाव एकाच ठिकाणी साठवलंय, बाकीचे सगळे स्क्रीन तिथूनच घेतात. एकदा बदललं की झालं."

त्याने बाबांचं नाव खोडलं, तिथे 'प्रेमलता खांबेटे' असं लिहिलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला.

चष्मा लावून ती सावकाश एकेक स्क्रीन उघडत गेली. शेवटच्या स्क्रीनपर्यंत पोचली आणि मग पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

"काय गं, कुठे काही चुकलंय का?"

 

"नाही रे. मला वाटलं, एखाद्या ठिकाणी तरी ते राहिले असतील."