काळ्या कापडावरचं तळं

सिमोननं आपण लिहीत असलेल्या नव्या कादंबरीतलं प्रकरण तेक्ल्यामावशीला वाचून दाखवलं. त्यातला दाढीवाला चित्रकार पहाटे गावच्या तळ्याकाठी दोन हंस पाहतो आणि रडू लागतो. त्या हंसांवर तीन पानं होती.

मावशी बटाटे किसत होती. "आपल्या तळ्यात बदकंसुद्धा टिकत नाहीत. हंस कुठले?"

"होते. मला लहानपणापासून आठवतात."

मावशीनं किसणी ठेवली आणि तो लहानपणी झोपायचा त्या पलंगामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिनं रंगवलेलं काळं कापड तिथे अजून टांगलेलं होतं; त्यावर खाली तळं, आणि तळ्यात दोन हंस. "खाली जागा उरली, म्हणून घातले. खरा हंस मी जन्मात पाहिलेला नाही."

सिमोननं हंस तसेच ठेवले. चित्रकाराची फक्त दाढी खोडली, आणि त्याच्या डोक्याला मावशी बांधते तसा रुमाल बांधला.