ओराहाने अडवलेला चोर

चोराचं शेवटचं कडवं संपलं. आता ओराहाने उत्तर गाऊन वेदीचा पडदा सारायचा होता, पण तो तलवार आडवी धरून तसाच उभा राहिला. खाली पायरीशी यल्दा खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन उभा होता. चर्च खच्चून भरलं होतं.

ईस्टरला आमच्या गावात हा खेळ होतोच. येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला चोर स्वर्गाच्या दाराशी येतो, देवदूत तलवार आडवी धरून त्याला अडवतो, दोघं गाण्यातून भांडतात. शेवटी चोर क्रूस दाखवतो आणि देवदूत पडदा सारतो. देवदूत तरुणपणापासून ओराहाच. चोराचं गाणं म्हणणारा माणूस ऑस्ट्रेलियाला निघून गेला, आणि ते पाठ असलेला एकटा यल्दा उरला.

यल्दाशी तर गावात कोणी बोलत नव्हतं. काळे झेंडेवाले जिहादी गावावर चालून आले तेव्हा ओराहा त्याच्याच गाडीतून निसटला. गाडीत माणसं दोघंच, मागे यल्दाच्या सहा मेंढ्या. ओराहाची म्हातारी आई मागे राहिली, तिची हाडंही मिळाली नाहीत. यल्दाने तिला घेतलं नाही, असं ओराहाने निर्वासितांच्या छावणीत सांगितलं.

"सहा मेंढ्या मावल्या, एक म्हातारी नाही मावली," असं बायका यल्दाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. त्याने कधी तोंड उघडलं नाही. गावाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादर इस्तिफान ओराहाकडे तीनदा गेले. यल्दाला चोर होऊ देशील का, असं विचारत होते. तो नाही म्हणाला असता तर गावाला आवडलं असतं. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला. त्या सगळ्या दिवसांत भाकरी आणि कांद्याशिवाय त्याने काही खाल्लं नाही. लोक म्हणाले, माणूस नव्हे, संत आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

"आत सोडू नका त्याला, काका," मागून कोणीतरी पुटपुटलं.

ओराहाने तलवार जमिनीवर ठेवली. पडद्याला हात न लावता तो एकेक पायरी उतरून खाली आला आणि यल्दाच्या खांद्यावरचा क्रूस काढून घेऊ लागला. यल्दा सोडेना.

"राहू दे रे," तो हलकेच म्हणाला. "माझे दिवस भरत आलेत. तुला या लोकांत राहायचंय."

ओराहाने क्रूस ओढून घेतला आणि तो लोकांकडे वळला.

"आई दाराला कडी घालायला मागे वळली होती," तो म्हणाला. "यल्दा गाडी थांबवून तिला हाका मारत होता. मीच म्हणालो, तिला सोड, गाडी काढ."