रविवारच्या पंगतीतली शिवी

तिसऱ्या फटक्याला सामुएलूचा जबडा निखळला. दोन दात पुढ्यातल्या नीरफणसाच्या फोडींवर पडले. चौथा फटका बरगडीवर बसला. पेनिअमीनाने वल्हं टाकलं, तेव्हा सामुएलूचा चर्चचा पांढरा सदरा छातीपर्यंत लाल झाला होता.

"माझ्या बहिणीसमोर बोलला," एवढंच पेनिअमीना धावत आलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला.

शेजाऱ्यांनी पुढे विचारलं नाही. भाऊ-बहीण एकत्र बसलेले असताना शिवी हासडायची म्हणजे दोघांच्याही तोंडाला काळं फासायचं. सामोआत अशा वेळी भावाचा हात उठला नाही, तर गाव भावाच्याच तोंडावर थुंकतं. शिवाय सामुएलूचं तोंड म्हणजे उघडं गटार, हे गावच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी सरदारांची सभा बसली. एका खांबाशी जबडा बांधलेला सामुएलू, दुसऱ्या खांबाशी त्याची बायको फिआसिली, पेनिअमीनाची बहीण. तिचा डावा हात वाकडाच जुळला होता. हात मोडला तेव्हा ती या सभेपुढे आली होती. पोटातलं पोर गेलं तेव्हा आली होती, कानातून रक्त आलं तेव्हाही. तिन्ही वेळा थोरला सरदार तुइलोमा म्हणाला होता, "भांड्याला भांडं लागायचंच. घरी जा, पोरी."

आज शिवी खरी ठरली तर सामुएलू गावाबाहेर जाणार होता. खोटी ठरली तर रविवारी रक्त सांडलं म्हणून पेनिअमीना गावाबाहेर, आणि फिआसिली परत नवऱ्याच्या घरात. मग तिच्यासाठी मध्ये पडायला कोणीच उरलं नसतं.

"काय बोलला तो?" तुइलोमाने विचारलं.

"इथं कसं सांगू बाबा? ती बसलीय," पेनिअमीना म्हणाला.

"तू सांग, पोरी."

"भाऊ बसलाय," फिआसिली म्हणाली.

सभा अडली. ज्या शब्दापायी माणूस अर्धमेला झाला, तो तोंडातून काढायची कोणाची छाती नव्हती. निम्म्या सरदारांच्या बहिणी तर मागेच चटया विणत बसल्या होत्या.

सामुएलू जोरजोरात मान हलवत होता. बोटाने हवेत लिहून दाखवत होता. त्याला कागद हवा होता.

"आता ती घाण लिहून सभेत आणतोस?" एक सरदार खेकसला. "बस खाली."

तुइलोमाने पेनिअमीनाला जवळ बोलावलं. पेनिअमीना चर्चचा सेवक, वीस वर्षांत खोटं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"माझ्या कानात सांग. जसंच्या तसं. देवाशपथ."

पेनिअमीनाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बहिणीकडे पाहिलं. मग वाकून म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं. फार लांबलचक नव्हतं.

 तुइलोमा फिआसिलीच्या वाकड्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने काठी जमिनीवर आपटली.

"हे मला चारचौघांत सांगवत नाही. दिवस मावळायच्या आत हा माणूस गावात दिसता कामा नये."

तरुणांनी सामुएलूला केसांना धरून ओढत नेलं. त्याची डुकरं कापली, घर पेटवलं. होडीपर्यंत त्याच्यावर दगड पडत होते. बांधलेल्या जबड्यातून तो काहीतरी ओरडत होता, पण ते कोणाला कळलं नाही. फिआसिली भावाच्या घरी गेली.

दुपारी जेवताना तुइलोमाच्या बायकोला राहवेना.

"अहो, इथं कोणाचा भाऊ नाही की बहीण नाही. आता तरी सांगा, काय बोलला होता मेला?"

तुइलोमाने हातातला घास खाली ठेवला.

"बायकोला म्हणाला होता, 'जरा मीठ दे.'"